तोफ उजवीकडे

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. याआधीही एकदा सुरू केली होती, पण चार पानांनंतर लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आता घडलंय. छापखानेवाला तयार झाला. आमच्या खेळाचं पुस्तक निघणार.

आम्ही चौघं कित्येक वर्षं रविवारी दुपारी त्याच्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांवर फळी टाकून, लढाई खेळतो. नकाशा, काडेपेटीएवढे रणगाडे आणि फासे. रणगाड्यातला एकेक माणूस एकेकाने व्हायचं. मी कमांडर. छापखानेवाला ड्रायव्हर, कारण त्याला खुर्चीतून उठायला नको असतं. वकील शत्रूच्या बाजूने. तो खरा वकील नाही, औषधाच्या दुकानात बसतो, पण नियमातली फट शोधण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. खेळ चालवतात मास्तर. ते शाळेत भूगोल शिकवतात, नकाशे तेच काढतात.

पुस्तकातला तोफांचा भाग माझ्याकडे आलाय. रणगाड्यांच्या आणि चिलखती गाड्यांच्या सगळ्या तोफा. दुसऱ्या कोणाकडे जाणार होता? मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती ते लिहायचं, हे माझं पोट. दाराला पडलेला पोचा बघून धडक कुठून बसली, केवढ्या जोरात, हे मी चहा पिता पिता सांगतो. ऑफिसात माझे अहवाल कोणी वाचत नाही, नुसता शेवटचा आकडा बघून सही करतात. पुस्तक मात्र लोक वाचतील, आणि तोफांच्या प्रकरणावर माझं नाव असेल.

आमचा आत्तापर्यंतचा नियम असा की फासा टाका, पाच किंवा सहा आला की समोरचा रणगाडा गेला. लांबून मारा, जवळून मारा, तोंडावर मारा, पाठीत मारा, सगळं एकाच मापाने. बालवाडी आहे का?

५ फेब्रुवारी, बुधवार

हिने आज जेवताना विषय काढला. "अहो, रविवारी त्यालाही नेत जा ना."

'तो' म्हणजे हिचा धाकटा भाऊ. आमच्याकडे सगळे त्याला फौजी म्हणतात. रणगाड्याच्या तुकडीत होता. मुदत संपायच्या आधीच घरी आला आणि आमच्या मागच्या खोलीत राहायला लागला. पाठीचं दुखणं निघालं, असं आम्हाला सांगण्यात आलं. घरातलं बटण बिघडलं की दुरुस्त करतो, सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करतो, बाहेर पडत नाही. डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची खूण आहे. इस्त्रीने भाजलं म्हणतो. हातभर भाजेल अशी इस्त्री मी पाहिलेली नाही, पण मला काय करायचंय?

मी म्हटलं, नेतो की. मनातून तर उडीच मारली होती. घरात रणगाड्यातला माणूस आणि मी बाजारातून तोफांची चित्रं असलेली मासिकं आणतोय!

माझा चेहरा हिने वाचला असणार. म्हणाली, "पण त्याला तिथलं काही विचारायचं नाही. मीसुद्धा विचारलेलं नाही. तो माणसांत यायला हवा, एवढंच मागते मी तुमच्याकडे."

कबूल केलं.

९ फेब्रुवारी, रविवार

फौजीचा पहिला दिवस. मास्तरांनी त्याला आमच्या रणगाड्यात गनर, म्हणजे तोफ चालवणारा, केलं. पहिला तासभर पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी माझे नवे तक्ते वाचून दाखवले: लांब नळीची तोफ, आखूड नळीची तोफ, चिलखती गाडीवरची भराभर मारणारी छोटी तोफ. प्रत्येकीला अंतर, गोळ्याचा प्रकार, समोरच्या पत्र्याची जाडी आणि तो कोणत्या कोनात उभा आहे, याचे आकडे. वकील म्हणाला, "एका गोळ्यासाठी चार तक्ते? अरे, तो पोचेपर्यंत समोरचा शत्रू पेन्शनीत निघेल."

आणि फौजी हसला. चांगला मोठ्याने हसला.

एक गोष्ट मात्र खटकली. दर पाळीला गोळा मारून झाला की तो म्हणतो, "तोफ उजवीकडे." उजवीकडे काही नसतं. ओढा आणि दोन झाडं. पण तोफ फिरवायला एक चाल जाते आणि पुढच्या पाळीला परत आणायला आणखी एक. वकिलाने तेवढ्यात आमचा पट्टा तोडला आणि मग पाठीत गोळा घातला. हरलो. फौजेतली काहीतरी शिस्त असेल.

घरी आल्यावर हिला सांगितलं, तुझा भाऊ हसला आज. ही स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी दोनदा चहा मागितला, तिसऱ्यांदा स्वतःच करून घेतला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिलेल्या शब्दाला मी पक्का आहे. फौजेबद्दल विचारणार नाही म्हणालो होतो. तोफेबद्दल विचारणार नाही असं म्हणालो नव्हतो.

तो शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होता तेव्हा सहज विचारल्यासारखं केलं, "काय रे, लोडर सलग किती वेळ त्याच वेगाने गोळे भरू शकतो?"

त्याने इस्त्री उभी ठेवली. "पहिले गोळे पटापट जातात, दाजी. मग हात जड होतात. मग आत धूर होतो. मग तोंडाने काही सांगता येत नाही, पायाने ढोसून सांगतात."

सोनं आहे हे, सोनं! लगेच नियम केला: 'दमलेला लोडर'. तिसऱ्या गोळ्यानंतर फाशातून एक वजा. धुराचाही घातला. मास्तरांना फोन करून वाचून दाखवला, ते म्हणाले, "अहो, हे तर आत बसून लिहिल्यासारखं वाटतंय." खरं सांगायचं तर इतकं बरं मला बढती मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

या 'तोफ उजवीकडे'चा बंदोबस्त करायला नियम केला होता. लक्ष्य नसताना तोफ फिरवली तर पुढचा नेम दोनने कच्चा. सुतासारखा सरळ येईल म्हटलं. कसलं काय. त्याने दंड निमूट घेतला आणि पुन्हा तेच, "तोफ उजवीकडे."

शेवटी आमच्या रणगाड्याला आग लागली. मास्तर म्हणाले, "संपला डाव." सगळे उठले तरी फौजी उठेना. म्हणाला, "ड्रायव्हर बाहेर पडला असं लिहा."

मास्तर म्हणाले, "अरे, रणगाडा गेला की सगळेच गेले, असाच नियम आहे."

"तोफ उजवीकडे होती, मास्तर. झाकण उघडतं. तो बाहेर पडला असं लिहा."

मास्तरांनी लिहिलं. ते जरा मऊच आहेत. छापखानेवाल्याने ड्रायव्हर म्हणून उठून सगळ्यांना सलाम केला, "वाचलो बुवा!" फौजीने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. परत येताना रणगाड्यांचं खोकं तोच उचलून चालला होता. शीळही घालत होता. मला वाटतं, हरण्याची त्याला लाजच नाही.

२ मार्च, रविवार

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरच्या फोनवर त्याला कुठल्या तरी बाईचा फोन येतो. तो तोंड भिंतीकडे करून बोलतो. "हो आई. जेवलो आई. नाही, त्याला काहीच कळलं नाही, मी होतो ना तिथे." आज कानावर पडलं म्हणून लिहितो, मुद्दाम ऐकलं नाही. माझ्या सासूबाई जाऊन जमाना झाला, हा कोणाला आई म्हणतो कोण जाणे. फौजेत अशी नाती जुळत असतील.

खेळ आज झाला नाही, वकिलाच्या दुकानाची तपासणी होती. छापखानेवाला मात्र मागे लागलाय. महिनाअखेरीस छपाई, आणि पुस्तक बाहेर काढायच्या दिवशी पाहुण्यांसमोर खेळून दाखवायचं. "काहीतरी जोरदार पाहिजे," म्हणतो. "नुसते तक्ते बघायला कोण येणार?"

८ मार्च, शनिवार

सापडलं! जोरदार काय ते सापडलं.

कोन नीट बघता यावेत म्हणून जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा रणगाडा बनवला. वर फिरणारं टरेट, त्याला नळी. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं झाकणसुद्धा उघडतं असं केलं. मग टरेट फिरवून बघत होतो तर काय, नळी समोर आणि जराशी डावीकडे आली की टरेटचा खालचा भाग बरोबर त्या झाकणावर येऊन बसतो. झाकण उघडतच नाही! आतला ड्रायव्हर आतच.

म्हणून हा येडा दर पाळीला तोफ उजवीकडे नेतो! केवढी साधी गोष्ट, आणि आम्हा चौघांच्या डोक्यात आली नाही. तडक त्याच्या खोलीत मॉडेल घेऊन गेलो. "हेच ना रे? तोफ इथे असली की झाकण अडकतं?"

त्याने मॉडेलकडे पाहिलं. मग अंगठ्याने नळी हळूच उजवीकडे सारली. "अडकतं."

"मग आतून तोफ हाताने फिरवता येत नाही का? एखादं चाक असेल ना?"

"असतं."

"ते किती फिरवावं लागतं?"

"कितीही फिरवलं तरी कमी पडतं, दाजी," म्हणाला आणि इस्त्री केलेलाच शर्ट पुन्हा पसरून त्याच्यावर इस्त्री फिरवायला लागला. त्याच्या तोंडातून शब्द काढायचे म्हणजे दात काढण्याइतकं अवघड.

लगेच नियम लिहिला: 'अडकलेला ड्रायव्हर'. रणगाडा पेटला आणि तोफ समोर-डावीकडे असली, तर ड्रायव्हर लगेच मरत नाही. दर पाळीला गनरने हाताचं चाक फिरवायचं आणि फासा टाकायचा. सहा आला तर झाकण मोकळं. नाही आला तर ड्रायव्हरचा एकेक गुण कमी होत जाणार, आणि तोवर तो आतून बोलू शकतो. हा शेवटचा भाग माझा स्वतःचा. त्यामुळे टेबलावर ताण येतो.

९ मार्च, रविवार

सकाळी सकाळी हिची कटकट. "हे टेबलावरून उचला."

म्हटलं, डिंक वाळतोय.

"तुम्हाला सांगितलं होतं, विचारू नका. काल रात्री तो जेवला नाही."

"मी तोफेचं विचारलं. त्याचं काही विचारलं नाही."

"ती दोन वेगळी आहेत का?" असं म्हणून तिने मॉडेल स्वतःच उचललं आणि कपाटावर ठेवलं. बायकांना तांत्रिक विषय समजावणं अवघड असतं. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान मला एका नजरेत कळतं, पण हिचं काय बिनसलंय हे आजवर कळलेलं नाही.

फौजी खेळायला आला, तरी गप्पच होता. वकिलाने आज उगाचच वाईट डाव खेळून आम्हाला जिंकू दिलं. मला असली भीक नको.

२६ मार्च, बुधवार

पानं छापून झाली. माझं नाव आहे. नव्या कागदाला काय सुरेख वास येतो! 'अडकलेला ड्रायव्हर'ला छापखानेवाल्याने अख्खं पान दिलंय आणि वर ओळ टाकलीय: 'खऱ्या रणगाड्यातल्या जवानाच्या अनुभवावरून'. ही कल्पना त्याचीच, मी फक्त हो म्हणालो.

वकिलाने छापखान्यात मला बाजूला घेतलं. "हे पान फौजीला दाखवलंस का?"

"त्याच्याच तोंडचं आहे. दाखवायचं काय?"

"दाखव तरी," म्हणाला. वकिलाला माझं नाव छापलेलं बघवत नाही, हे मी आधीपासून ओळखून आहे.

रविवारी फौजीने गनर व्हायचं असं ठरलंय. मी त्याला म्हटलं, तू नुसता नेहमीसारखा खेळ. मास्तरांना मात्र सांगून ठेवलंय की पहिला गोळा टरेटला बसू दे आणि तोफ जागीच अडकू दे. म्हणजे नियम दाखवता येईल. कपाटावरचं पुठ्ठ्याचं मॉडेल काढून त्याचं टरेट समोर-डावीकडे पक्कं चिकटवून टाकलं. लोकांच्या हातात फिरताना हलायला नको.

३० मार्च, रविवार

झालं. पुस्तक बाहेर आलं. लिहायला बसलोय, पण मन थाऱ्यावर नाही.

मागची खोली भरली होती. खेळांच्या दुकानांचे मालक, कॉलेजातली मुलं-मुली, उभं राहायला जागा नव्हती. ठरल्याप्रमाणे दुसऱ्याच पाळीला वकिलाचा गोळा टरेटला बसला. फौजी म्हणाला, "तोफ उजवीकडे."

मास्तर म्हणाले, "फिरत नाही. अडकली."

"तोफ उजवीकडे," तो पुन्हा म्हणाला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहून मॉडेल वर धरलं आणि लोकांना नियम समजावला. हेही सांगितलं की हा आमचा मेहुणा, याने हे सगळं आतून पाहिलंय. टाळ्या पडल्या. मग दुसरा गोळा, आग. मी फौजीच्या हातात फासा दिला. "टाक. ड्रायव्हरसाठी."

छापखानेवाल्याला तर स्फुरणच चढलं. टेबलाखाली वाकून खालून फळीवर मुठी मारायला लागला, "अरे उघडा रे! शिजलो मी! उघडा!" सगळी खोली हसत होती.

फौजीने फासा टाकला नाही. मुठीत धरून बसला. दुसरा हात टेबलाखाली होता आणि तो गोल गोल फिरत होता. भराभर, खांद्यापासून. मला वाटलं, छान, अभिनय करतोय. लोक थांबलेले, म्हणून मी दुसरा फासा घेऊन त्याच्या वतीने टाकला. दोन. पुन्हा टाकला. तीन. पुन्हा टाकला. एक. मास्तर कसंबसं म्हणाले, "ड्रायव्हर गेला." जोरात टाळ्या. टाळ्या थांबल्या तरी त्याचा हात फिरतच होता.

वकील टेबलाला वळसा घालून आला, त्याने फौजीचा तो हात दोन्ही हातांनी धरून थांबवला आणि त्याला बाहेर घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "तू बघत नव्हतास का त्याच्याकडे?"

मी म्हणालो, मी फाशाकडे बघत होतो. खरंच तिकडेच बघत होतो.

आणलेल्या सगळ्या प्रती संपल्या.

१ एप्रिल, मंगळवार

फौजी गेला. कुठल्या तरी दूरच्या गोदामावर रात्रीची राखण करायची नोकरी धरली म्हणे. पत्ता फक्त हिच्याकडे. मला भेटून गेला नाही. खोलीत चादरी इस्त्री करून, घडीवर घडी ठेवलेल्या. एवढं सगळं त्याच्यासाठी केलं, माणसांत आणलं, चारचौघांत नाव घेतलं, आणि साधं 'येतो, दाजी' नाही.

ही माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, उचलते, बस.

६ एप्रिल, रविवार

आज खेळायला गेलो नाही. दुपारी फोन वाजला. ही आत होती, मीच उचलला.

म्हातारीचा आवाज. "बाळ?"

मी सांगितलं, तो इथे नसतो आता. मी त्याचा दाजी.

"अगबाई, हो का? मग तुम्हालाही ठाऊक असेन मी. त्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरची आई. माझा मुलगा गेला तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला फोन करते. तुमचं पोर माझ्याशी बोलतं, तेवढंच बरं वाटतं." मग म्हणाली, "तुम्ही घरची माणसं, तुम्हाला सगळं सांगितलं असेल त्याने. मला म्हणतो, आई, झटक्यात गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला. मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना म्हणत तो? तुम्ही सांगा. खरंच झटक्यात गेला ना?"

तोवर तो आतून बोलू शकतो, असं मी लिहिलंय. अख्खं पान आहे. गुण एकेक करून कमी होतात.

मी म्हणालो, "हो. झटक्यात." आवाज माझाच होता, पण फौजीसारखा भिंतीकडे तोंड करून बोलत होतो.

"देव तुमचं भलं करो," म्हणाली आणि फोन ठेवला.

मागे ही दारात उभी होती. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"त्याने कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी कधी विचारलं नाही."

छापखानेवाल्याला फोन लावला. म्हटलं, ते पान काढून टाक. तो हसला. दुसऱ्या आवृत्तीची तयारी चाललीय, आणि लोक त्याच पानासाठी पुस्तक घेतायत म्हणाला. मी ओरडलो, शिव्या दिल्या. तो म्हणाला, तुझंच नाव आहे की त्याच्यावर.

नंतर स्टूल घेऊन पुन्हा कपाटावर गेलेला पुठ्ठ्याचा रणगाडा खाली काढला. टेबलावर ठेवला आणि नळी उजवीकडे सारायला गेलो. हलेना. तेव्हा आठवलं, मीच डिंक लावला होता, भरपूर. जोर लावला तर नळी मोडून हातात आली. टरेट होतं तिथेच राहिलं.